स्टॅनमोरकरांचा वन्स मोअर

स्टॅनमोर,
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय नीना,

काल भेटलो आणि आज लगेच पत्र लिहितोय, म्हणजे काका आता पुरता कामातून गेला असं तुला वाटेल. पण काल तू एक अक्षर बोलली नाहीस. स्टेज डोअरपाशी पाटी पुढे केलीस आणि त्यावर लिहिलंस, ‘मौन चालू आहे. फोन नको, पत्र लिहा.’ आता हुकूमच आहे म्हटल्यावर लिहितो. हे फोनवर टाइप करायला मला सांगू नकोस. तो फोन माझ्या वाक्यांत स्वतःचे शब्द घुसवतो आणि तेवढी मोकळीक मी तुझ्या काकूलाही दिलेली नाही.

आमच्या ज्येष्ठ मंडळाची सहल तशी बरी झाली. यॉर्कचं चर्च सगळ्यांनी पाहिलं, म्हणजे त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. मग लीड्सला तुमच्या कंपनीची खुली तालीम. आमच्या मंडळाच्या उल्हासने कोचमध्ये माईकवर तुझी ओळखही करून दिली होती. ‘ही आपल्या हरीशची पुतणी. आई-वडील नागपूरला परत गेले तेव्हा ही बारा वर्षांची होती, ती हरीश आणि रेखावहिनींकडेच वाढली. आता इटालियन ऑपेरामध्ये मोठमोठ्या राण्यांची कामं करते. हिच्या जातीच्या आवाजाला ड्रामॅटिक सोप्रानो म्हणतात. सत्तर-ऐंशी वाद्यं एकदम वाजत असली तरी त्यांच्या वरून हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, तोही माईकशिवाय.’ एवढी प्रस्तावना झाल्यावर तू जीन्स घालून, पाण्याची बाटली हातात घेऊन आलीस आणि अंगाई म्हटल्यासारखी गायलीस. वरचे सूर तर सरळ खाली उतरवून घेतलेस.

परतताना शेफील्ड मागे पडलं. मग श्यामलाबाई हळूच म्हणाल्या, “भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका, पण पोरीचा आवाज गेला हो.” त्या बाई आठ वर्षं गाणं शिकल्या आहेत आणि ते त्या कोणाला विसरू देत नाहीत. मी उठलो आणि उल्हासच्या हातून माईक घेतला. म्हटलं, याला मार्क करणं म्हणतात. तालमीत गायक पूर्ण आवाज लावत नाहीत, गळा प्रयोगासाठी राखून ठेवतात. मुहूर्ताच्या आधी कोणी अक्षता टाकतं का? हे सगळं तू मला मागे पुजारिणीची भूमिका केलीस तेव्हा समजावलं होतंस, ते मी स्वतःच्या नावावर खपवलं. वॉटफर्ड येईपर्यंत सगळ्यांना पटलं. श्यामलाबाई तेवढ्या खिडकीबाहेर बघत होत्या.

तुझा गळा कसा आहे? रेखा विचारते, ज्येष्ठमध संपलाय का?

तुझा,
हरीशकाका


लीड्स,
२२ सप्टेंबर २०२४

काका, नमस्कार.

पत्र पोचलं. मौन वगैरे ऐकून घाबरू नका. नवीन रोल जड असला की गळ्याचे कन्सल्टंट आम्हाला तालमीबाहेर गप्प बसायला लावतात. मी दिवसभर पाटीवर लिहिते. कॉफी शॉपमधल्या मुलाला मी ऐकूही येत नसलेली वाटते, त्यामुळे तोही मला कागदावर लिहून उत्तर देतो. आमचं छान चाललंय.

कोचमध्ये तुम्ही जे सांगितलंत ते अगदी बरोबर आहे. मी मार्कच करत होते. श्यामलाबाईंना माझा नमस्कार सांगा.

ही राणी मला फार वर्षांपासून हवी होती. तुम्हाला ठाऊकच आहे, इटालियन लोक माझ्या आवाजाच्या बाईला शेवटच्या अंकात जिवंत ठेवत नाहीत. मी आगीत गेलेय, भिंतीवरून उडी मारलीय, दोनदा विष घेतलंय. ही पहिली बाई जी पडदा पडताना उभी असते. पहिल्या अंकभर ती सज्जात नुसती उभी राहते, बोलत नाही. दुसऱ्या अंकात पायऱ्या उतरून येते आणि सोळा मिनिटं गाते, ती अशी की त्यानंतर बाकीच्या पात्रांनी काही म्हणायची सोय राहत नाही. हा रोल तिशीत करायचा नसतो. आवाज जड व्हावा लागतो आणि तो चाळिशी उलटल्यावर होतो. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

माझी कव्हर म्हणून केरिस नावाची मुलगी आहे. कव्हर म्हणजे मी आजारी पडले तर ऐन वेळी राणी गाणारी. वेल्सची आहे, तिशीच्या आतली, मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली. मी तिला खुणांनी शिकवते. कुठे श्वास घ्यायचा ते मी खांदा उचलून दाखवते. ती फार भराभर शिकते.

काकूला सांगा, ज्येष्ठमध आहे.

तुमची,
नीना


स्टॅनमोर,
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय नीना,

दिवाळी झाली. तुझ्या वाटणीचं फराळाचं पार्सल या वर्षी नाही. रेखा म्हणाली, चकली-चिवड्याने घसा धरला तर राणी खोकेल. तुझा डबा मी संपवतोय, कुठेही वाया गेलेला नाही.

लीड्सच्या प्रयोगाचं परीक्षण आमच्या अंशुमनने छापून आणून दिलं. तुझ्या धाकट्या भावाला ऑपेरातलं शष्प कळत नाही, पण तुझं नाव पेपरात आलं की त्याची छाती फुगते. त्यात लिहिलंय की तुझी राणी ‘इंटेलिजंट’ होती. हे चांगलं ना? मी जरा वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो. पूर्वी ते तुला ‘इंटेलिजंट’ म्हणत नसत. पूर्वी म्हणायचे की छत उडालं.

आता मुख्य बातमी. तुमची कंपनी सोळा तारखेला मिल्टन कीन्झला येते, म्हणजे आमच्या अंगणातच. मी बेचाळीस तिकिटं काढली. अख्खं मंडळ येतंय. ईलिंगहून दोन कुटुंबं येताहेत आणि वॉटफर्डचे लोक वाटेत चढतील. खरं सांगायचं तर हे मी हट्टाने केलं. त्या सहलीनंतर मंडळात माझ्यामागे कुजबुज चालते. मी खोलीत शिरलो की विषय बदलतो. कोणी मला मुद्दाम लाडू आणून देतं, जसं काही घरात काही वाईट घडलंय. मला ते सहन होत नाही. एकदा त्यांना तुझा आवाज पुरता ऐकू दे, मग मी त्यांचे लाडू सुखाने खाईन. तेव्हा माझं नाक तुझ्या हातात आहे, बाई.

रेखा म्हणते असलं काही पोरीला लिहू नका, तिच्यावर ओझं येईल. म्हणून हे वाक्य मी तिला दाखवलेलं नाही.

तुझा,
हरीशकाका


नॉटिंगहॅम,
९ नोव्हेंबर २०२४

काका,

घाईत लिहिते. मिल्टन कीन्झला या वेळी मंडळाला आणू नका ना. वसंतात पुन्हा प्रयोग आहेत, तेव्हा सगळ्यांना आणा. हा पहिला दौरा आहे, रोल अजून बसतोय. तुम्ही आणि काकू दोघंच आलात तर चालेल. नाही आलात तरी चालेल.

इंटेलिजंट म्हणजे चांगलंच.

नीना


स्टॅनमोर,
१७ नोव्हेंबर २०२४

माझ्या नीना,

पहाटेपासून जागा आहे. रेखाने दोनदा चहा करून समोर ठेवला आणि दोनदा गार झाला.

मंडळाला आणू नका म्हणे! मला हसू आलं तेव्हा. म्हटलं, चव्वेचाळीसाव्या वर्षी पोर परीक्षेला घाबरतेय. तिकिटं काढलेली, कोच ठरलेला, मी कोणालाही काही सांगितलं नाही.

आता ऐक. आधी फजिती. मी आयुष्यभर रेल्वेचे सिग्नल सांभाळले, उशीर म्हणजे मला शिवी. आणि काल उल्हासने चहासाठी म्हणून कोच वाटेतल्या थांब्यावर, सर्व्हिसेसला, थांबवला. चाळीस ज्येष्ठ नागरिक टॉयलेटला गेले की ते परत कधी येतात हे देवाला ठाऊक. वर पुढे मोटरवेवर रस्त्याचं काम. पोचलो तेव्हा पडदा वर गेला होता. आत सोडायला तयार नव्हते. शेवटी एका दयाळू मुलीने आम्हाला अगदी वर, डावीकडच्या टोकाला नेऊन बसवलं. तिथून रंगमंचाची अलीकडची बाजू दिसतच नव्हती. तू सज्जात उभी होतीस, ती दिसलीस. लाल पायघोळ झगा, केवढी उंच!

मग दुसरा अंक. तू पायऱ्या उतरायला लागलीस आणि मी नेहमीसारखे डोळे मिटले. ऐकताना बघायचं नाही, ही माझी जुनी खोड. आणि नीना, पहिला सूर आला.

हे मी तुला कधी लिहिणार नव्हतो, पण आता लिहितो, कारण आता त्याची भीती उरली नाही. गेली दोन वर्षं तू वर चढायला लागलीस की माझी बोटं खुर्चीच्या हाताला घट्ट आवळायची. पोचेल ना, पोचेल ना, असं आत चालायचं. तू पोचायचीस. पण मी प्रयोगभर गाणं ऐकत नव्हतो, तुला ढकलत होतो. घरी येऊन तुला फोनवर ‘उत्तम’ म्हणायचो आणि माझे हात दुखत असायचे. काल ते माझ्या मांडीवर पडून होते. मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. आवाज वर जात होता आणि त्याला वर जाण्यात काहीच वाटत नव्हतं. मी रडलो. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस बेचाळीस ओळखीच्या लोकांत रडला आणि मला त्याची लाज वाटत नाही.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि उल्हास उभा राहून ओरडला, “वन्स मोअर!” मग सगळे. श्यामलाबाई सुद्धा! बेचाळीस मराठी माणसं वरच्या माळ्यावरून ‘वन्स मोअर, वन्स मोअर’ करतायत आणि खालचे गोरे माना वळवून बघतायत. वाद्यवृंदाच्या कंडक्टरने काठी खाली ठेवून वर पाहिलं म्हणे. तू मात्र हललीही नाहीस, राणीसारखी उभी राहिलीस.

नंतर तू भेटली नाहीस, दमली आहेस असा निरोप आला. बरोबरच आहे. येताना कोचमध्ये श्यामलाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, मी चुकले.” त्यांनी असं म्हणणं हे वन्स मोअरपेक्षा मोठं आहे. आणि तिथल्या तिथे ठरलं. चौदा डिसेंबरला हॉलमध्ये तुझा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं. नाही म्हणू नकोस.

तुझा,
हरीशकाका


लीड्स,
२४ नोव्हेंबर २०२४

काका,

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. उत्तर कसं द्यायचं ते कळत नव्हतं, म्हणून सरळच लिहिते.

सोळा तारखेला मी गायले नाही.

चौदा तारखेला नॉटिंगहॅमच्या शेवटच्या प्रयोगात वरच्या सुराला गेले आणि नुसता वारा आला. सूर नाही. कशीतरी मी खालून गाऊन वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी कंपनीने ठरवलं की केरिस गाईल. पण तिला पायऱ्या, सज्जा, कुठे वळायचं हे काहीच बसवलेलं नव्हतं आणि पायघोळ झगा माझ्या मापाचा. अशा वेळी आमच्यात एक रीत आहे. आजारी गायिकेने रंगमंचावर मुक्याने भूमिका करायची आणि कव्हरने कडेला, काळ्या कपड्यांत, पुढ्यात स्टँड घेऊन गायचं. पडद्यापुढे येऊन तसं रीतसर सांगितलं जातं. ते सांगितलं तेव्हा तुम्ही मोटरवेवर होतात. केरिस रंगमंचाच्या ज्या बाजूला उभी होती, ती तुमच्या जागेवरून दिसत नाही. आणि तुम्ही डोळे मिटलेत.

तुमचा, उल्हासकाकांचा, कोणाचाच दोष नाही. मी स्टेज डोअरला येऊन सांगायला हवं होतं. मी ड्रेसिंग रूमचं दार आतून लावून बसले होते.

आता बाकीचंही. मार्चपासून माझ्या स्वरतंतूवर गाठ आहे, तिच्यातून एकदा रक्तही आलं. सप्टेंबरमध्ये तुम्ही ऐकलंत ते मार्क करणं नव्हतं. त्या दिवशी तेवढंच होतं. श्यामलाबाईंचे कान तयार आहेत. त्यांना चुकले म्हणायला लावलंत, ते परत घ्या.

ऑपरेशन करता येतं. कन्सल्टंट म्हणतात, आता थांबलात तर बोलण्याचा आवाज नीट राहील, थोडं खालचं, हलकं गाणंही येईल. राण्या नाहीत. वसंतातले प्रयोग गायलात तर काहीच सांगता येत नाही. कंपनी मला तो करार अजून द्यायला तयार आहे. त्यांना ख्रिसमसपर्यंत उत्तर हवंय. मी दिलेलं नाही. मला वाटतंय की दोन महिने गप्प बसले तर अजून एक मोसम निघेल. असं मला मार्चपासून वाटतंय.

त्या रात्रीचं सांगते. तोंड हलवायचं की नाही हे माझ्यावर सोडलं होतं. मी मिटून ठेवलं. नुसती चालले, श्वास घेतला, हात केले. आणि गाणं संपल्यावर वरून मराठीत वन्स मोअर आला. लहानपणी तुम्ही जुन्या नाटक कंपन्यांच्या गोष्टी सांगायचात, कोणाला तीन मिळाले, कोणाला सात. वीस वर्षं या देशात गाऊन मला एकही मिळाला नाही, इथे ती पद्धतच नाही. मिळाला तेव्हा माझं तोंड मिटलेलं होतं. मला केरिसचा हेवा वाटला. इतका की विंगेत गेल्यावर ती रडत माझ्या गळ्यात पडली आणि मला तिच्या पाठीवर हात ठेवायला जमेना.

तुमचे हात दोन वर्षं दुखत होते हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मीही तुम्हाला काही सांगितलं नाही. आपण दोघं सारखेच.

सत्काराला मी येणार नाही. मंडळाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. काहीच सांगितलं नाहीत तरी मी समजू शकते.

नीना


स्टॅनमोर,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय नीना,

उत्तराला तीन आठवडे लावले. आधी मी रागावलो होतो. तुझ्यावर, उल्हासच्या चहावर, त्या वेल्सच्या पोरीवरही. माझे अश्रू कोणा भलतीने काढून नेले असं वाटलं. रेखाला तुझं पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

तिने दुर्बीण नेली होती! सुनेने, अक्षयाने वाढदिवसाला दिलेली, पक्षी बघायची. “पोरीचं तोंड मिटलेलं मला स्वच्छ दिसत होतं,” म्हणाली. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, “तुम्ही रडत होतात. मध्येच कसं बोलू?” नंतर घरी आल्यावरही बोलली नाही. त्यावर दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. घरात तेवढीच शांतता झाली.

सत्कार रद्द करणं सोपं होतं. ‘नीना आजारी आहे’ एवढं म्हटलं की झालं, खोटंही नव्हतं. मी तसा निरोप लिहूनही ठेवला होता. मग श्यामलाबाई भेटल्या आणि पुन्हा म्हणाल्या, माझ्या कानांना आता वय झालं, भाऊजी. ते ऐकून मला स्वतःची शरम वाटली. मी तुमच्या कंपनीत फोन करून केरिसला बोलावलं. ती काल ट्यूब ट्रेनने आली, एकटी, हातात फुलं घेऊन. फुलं आपण तिला द्यायची तर तीच घेऊन आली.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मग उल्हास म्हणाला, “म्हणजे आपला वन्स मोअर फुकट गेला?” रेखा जागेवरूनच म्हणाली, “फुकट कसा? जी गायली तिला पोचला की.” मग श्यामलाबाई उठल्या. शाल त्यांनीच घातली त्या मुलीला. नारळाचं काय करायचं असं तिने विचारलं तेव्हा जरा हशा झाला. माझ्याकडे वळून बाई एवढंच म्हणाल्या, “मी तेव्हा खोटी ठरायला हवी होते हो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

चहाच्या वेळी केरिस माझ्याशेजारी बसली. म्हणाली, त्या रात्री ती स्टँडवरच्या कागदाकडे बघतच नव्हती. तुझ्या खांद्यांकडे बघत होती. तुझा खांदा वर गेला की तिने श्वास घ्यायचा. एका ठिकाणी तू ठरलेल्या जागेच्या आधी खांदा उचललास, तिने आधी श्वास घेतला, आणि तो वरचा सूर म्हणे म्हणूनच तेवढा सहज लागला. मला गाण्यातलं इतकं कळत नाही. पण एवढं कळलं की जे बघायचं होतं ते मी डोळे मिटून घालवलं.

आता एक बोलतो. दहावीच्या वर्षापासून मी तुला एकच शब्द सांगत आलोय, गा. तुझे बाबा, माझा दादा, नको म्हणत होता तेव्हा त्याच्याशी भांडून म्हटलं, गा. आज सांगतो, गाऊ नकोस. वसंतातलं काही गाऊ नकोस. तू गाणारी म्हणून आमच्या घरी लाडकी होतीस असं नाही. आवाजासाठी मी तुझ्या प्रयोगांना येतो असं मलाही वाटायचं. ते खरं नाही, हे मला या तीन आठवड्यांत कळलं. तू मला ‘काका’ म्हणून हाक मारलीस की पुरे, बाकी सगळं जाऊ दे.

तुझा,
हरीशकाका


लीड्स,
४ जानेवारी २०२५

काका,

तुमचं पत्र ख्रिसमसच्या टपालात अडकलं, काल मिळालं. तोवर मी उत्तर देऊन मोकळी झाले होते. तेरा डिसेंबरला कंपनीत जाऊन पाटीवर लिहिलं, ‘राणी मी करणार नाही. केरिसला द्या.’ डिरेक्टरने माझी पाटी हातात घेतली आणि त्याच्यावरच ‘थँक यू’ लिहिलं. तो बोलू शकत होता, पण त्याला सुचलं नाही बहुतेक.

तुम्ही गाऊ नकोस म्हणालात त्याआधीच ठरलं, हे मुद्दाम सांगते. नाहीतर तुम्ही आयुष्यभर ते स्वतःच्या डोक्यावर घ्याल. माझं ठरलं ते तुमच्या सतरा नोव्हेंबरच्या पत्राने. मला आजवर कोणी खरं परीक्षण दिलं नव्हतं. तुम्ही दिलंत, आणि दुसरीच गात होती म्हणूनच देऊ शकलात. ‘वर जाण्यात काहीच वाटत नव्हतं.’ माझा आवाज तसा होता एके काळी. मला आठवतं. तो मी पुरता वापरला, काका. उरलेला बोलायला ठेवते.

ऑपरेशन एकवीस तारखेला आहे. कंपनीने तरुण गायिकांना तयार करायचं काम देऊ केलंय. ते मी घेईन असं वाटतं. केरिसला मी राणी शिकवते आहेच. शेवटच्या सीनमध्ये ती फार लवकर वळते, ते अजून जमत नाहीये.

वाईट वाटतं. ते सांगितल्याशिवाय पत्र संपवायचं नाही. आंघोळ करताना, भांडी घासताना, कारण नसताना वाटतं. सुपरमार्केटच्या रांगेत एकदा रडले. कार्डने पैसे दिले आणि घरी आले.

बावीस मार्चला केरिसचा पहिला प्रयोग आहे, इथे लीड्सला. मी खालच्या माळ्यावर, मधोमध दोन तिकिटं काढली आहेत. काकूला राग येऊ देऊ नका, तिचं मागच्या रांगेत काढलंय, तिने तिची दुर्बीण आणावी. मधल्या दोनांतलं एक तुमचं, दुसरं तिकीट माझं आहे. इतक्या वर्षांत मी तुमच्या शेजारी बसून एकही ऑपेरा पाहिलेला नाही. दरवेळी तुम्ही अंधारात आणि मी उजेडात.

दुसऱ्या अंकात राणी पायऱ्या उतरायला लागेल तेव्हा मला काही विचारू नका. कशी आहेस, ठीक आहेस ना, काही नाही. नुसते शेजारी बसा.

तुमची,
नीना